मूषकनियंत्रण आणि पालिकेची हद्द

प्लेगचा वारसा
१८९६ साली मुंबईत उद्भवलेला प्लेग लवकरच सातारा जिल्ह्यात पोहोचला. वाळवा, तासगाव हे आजच्या सांगलीतील तालुके तेव्हा याच जिल्ह्यात होते. घरात उंदीर पटापट मरू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालत. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे दाखवले. उंदीर मेला की पिसवा थंड पडलेले शरीर सोडून नवा आश्रय शोधतात. त्यामुळे साथीत आधी पिसवा आणि नंतर उंदीर मारणे आवश्यक ठरते. केवळ उंदीरमार मोहीम अशा वेळी घातक ठरू शकते.

विषाची कार्यपद्धती
आमिषात मिसळलेल्या झिंक फॉस्फाइड या विषाचा उंदराच्या पोटातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. मात्र अर्धवट मात्रा खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा टाळतो. म्हणून आधी काही दिवस बिनविषारी आमिष ठेवतात. ब्रोमॅडिओलोन हे दुसरे विष रक्त गोठण्याची क्रिया रोखते. मृत्यू काही दिवसांनी येत असल्याने त्याचा आमिषाशी संबंध जुळत नाही आणि इतर उंदीर सावध होत नाहीत. असे उंदीर खाल्ल्यास मांजरे, घुबडे यांनाही मात्र या विषाची बाधा होऊ शकते.

पूर आणि लेप्टोस्पायरोसिस
२००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचा पूर सांगलीत शिरला. पुरात बिळे बुडाली की उंदीर घरांचा आसरा घेतात. त्यांच्या मूत्रातील लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू पाण्यात व चिखलात मिसळून जखमेवाटे माणसाच्या शरीरात जातात. म्हणून पूर ओसरल्यावर गाळ उपसणाऱ्या सफाई कामगारांना गमबूट आणि हातमोजे देणे हे उंदीर मारण्याइतकेच निकडीचे काम आहे.

साठवण
सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी कठीण मातीत पेवे खोदत आणि तोंड बंद करून टाकत. उंदराला माल मिळूच न देण्याची ही जुनी रीत. बाजार समित्यांच्या गोदामांना ती तत्त्वतः आजही लागू आहे.

मर्यादा
मुंबई महानगरपालिकेत रात्री बॅटरी आणि काठी घेऊन उंदीर मारणारे कामगार आहेत. परंतु उंदराची मादी गाभण राहिल्यावर सुमारे तीन आठवड्यांत विते. कचरा आणि उघडी गटारे राहिली, तर मारलेल्यांची जागा लवकरच भरते. सातारा-सांगलीत उसाची भर पडते: तोडणी झाली की शिवारातील उंदीर आसरा शोधत वस्तीकडे सरकतात. पालिकेचे आमिष हद्दीवर थांबते. म्हणून तोडणीच्या हंगामात नगरपालिका, लगतच्या ग्रामपंचायती आणि कृषी विभाग यांनी आमिषाच्या तारखा एकत्र ठरवणे अधिक परिणामकारक ठरेल.