जुने दप्तर, नवा संगणक : आभासी यंत्राची निवड

छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या भागात घरोघरी मराठी व कारभारात हिंदी चालते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी या भाषांतील पत्रे व प्रश्नपत्रिका ज्या प्रोग्रॅमवर तयार होत, त्यांपैकी बरेच केवळ विंडोजवर चालतात. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुन्या संगणकावर मोफत लिनक्स बसविणे हा काटकसरीचा मार्ग खरा. परंतु मग जुने दप्तर उघडावे कसे?

यावर उपाय म्हणजे आभासी यंत्र. मोठ्या वाड्यात भिंत घालून दुसरे बिऱ्हाड ठेवावे, त्याप्रमाणे लिनक्सच्या संगणकातच विंडोजचा एक स्वतंत्र संगणक चालविता येतो. मात्र वाड्यात जागा हवी. ४ जीबी स्मृतीच्या संगणकावर विंडोज ७ चे बिऱ्हाड बेताने मावते. विंडोज ११ ला स्वतःसाठीच ४ जीबी लागते. तसेच प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय बायोसमध्ये पुष्कळदा बंद असते. ती प्रथम चालू करावी.

निवड मुख्यतः तिघांतून करावयाची आहे. केव्हीएम हे २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. त्यास परवाना शुल्क नाही, आणि लिनक्स अद्ययावत केल्यावर ते सहसा बंद पडत नाही. व्हर्ट-मॅनेजर हा प्रोग्रॅम जोडला असता ते खिडक्या व बटणांच्या साहाय्याने हाताळता येते. व्हर्च्युअलबॉक्स शिकावयास सोपे असून विंडोजवरही चालते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या सरावास ते सोयीचे आहे. परंतु गाभा बदलला की त्याचे भाग पुन्हा जुळवावे लागतात, आणि त्याचा विस्तार-संच कार्यालयीन वापरासाठी मोफत नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांस विनामूल्य आहे; तथापि त्याची मूळ संहिता खुली नाही, म्हणून पुढील धोरण कंपनीच्या हाती राहते.

सारांश, जेथे एकच लिनक्स संगणक वर्षानुवर्षे चालवावयाचा आहे, तेथे केव्हीएम निवडणे हिताचे. शिकण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स पुरेसे आहे. दोन्ही एकाच वेळी चालवू नयेत.

कोणतेही साधन निवडले तरी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आतील विंडोजचा परवाना वेगळा लागतो. सेवा संपलेली विंडोज इंटरनेटला जोडू नये. आभासी यंत्राची फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावी, म्हणजे संगणक बिघडला तरी दप्तर वाचेल.

अखेरीस, आभासी यंत्र ही तात्पुरती सोय आहे. जुना मजकूर उघडता येत आहे तोवरच तो युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा, हेच शाळा व कार्यालये या दोहोंच्या हिताचे आहे.