खेळातून शिक्षण, खेळातून उपचार

तीन ते सहा वर्षांच्या वयात मुलाची भाषा, हातांची पकड, शरीराचा तोल, विचारशक्ती आणि चारचौघांत वागण्याची रीत हे सारे खेळता खेळता घडते. म्हणूनच बालशिक्षणात खेळाला मधल्या सुट्टीतली करमणूक न मानता शिकण्याचा मुख्य मार्ग मानतात. विकासात अडथळा आलेल्या मुलांसाठी हाच मार्ग उपचाराचाही ठरतो.

भातुकलीत हे स्पष्ट दिसते. वाळूचा भात होतो, डब्याचे झाकण ताटली होते. एका वस्तूने दुसरीची जागा घ्यायची, ही समज पुढे अक्षर आणि आकडा ओळखताना लागते. ‘तू आई, मी पाहुणा’ असे ठरवताना भाषा वाढते, पाने मांडताना मोजणी होते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबताना मनाला आवर घालता येतो. लगोरी, लंगडी आणि सागरगोटे यांतून नेम, तोल व हात-डोळ्यांचा मेळ साधतो.

या विचाराला शाळेचे रूप दिले जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी. १८३७ मध्ये त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. १९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोममधील गरीब वस्तीत बालगृह सुरू केले आणि मुलांनी स्वतः हाताळून शिकावे अशी साधने तयार केली. ही पद्धत गिजुभाई बधेका यांनी भावनगरात रुजवली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. महागडी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, गोटे, बिया, पाने आणि माती यांनी त्यांची जागा घेतली. मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ‘अंगणवाडी’ देशभर पोहोचली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यात खेळ आणि कृतीवर भर दिला आहे.

खेळातून शिकवणे म्हणजे मुलांना नुसते मोकळे सोडणे नव्हे. मुक्त खेळ हवाच, पण शिक्षिका हेतू ठेवून साहित्य मांडते, मुलांचे निरीक्षण करते आणि नेमक्या वेळी एखादा प्रश्न विचारते. बियांचा ढीग समोर ठेवून ‘सारख्या कोणत्या?’ एवढे विचारले की वर्गीकरणाचा पाठ सुरू होतो.

उपचारासाठीच्या खेळात, म्हणजे खेळोपचारात, मन मोकळे करण्यावर भर असतो. भीती, दुःख किंवा घरातला ताण लहान मुलाला शब्दांत सांगता येत नाही. बाहुल्या, माती, रंग आणि वाळू यांतून या भावना बाहेर येतात. अमेरिकेच्या व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ च्या ग्रंथात या पद्धतीची तत्त्वे मांडली. मुलाला आहे तसे स्वीकारावे, घाई करू नये आणि खेळाची दिशा त्यालाच ठरवू द्यावी, हा या तत्त्वांचा गाभा आहे.

वाचा, हालचाल किंवा संवादाच्या अडचणींतही तज्ज्ञ खेळाचाच आधार घेतात. स्वमग्न मूल मोटारींची रांग लावत असेल, तर थेरपिस्ट शेजारी जमिनीवर बसतो, रांगेत एक मोटार ठेवतो आणि थांबतो. मुलाने त्याच्याकडे नजर टाकली की संवादाची पहिली पायरी गाठली जाते. मग ‘आता तुझी पाळी’ असा खेळ रंगतो. अशा उपचाराने स्वमग्नता नाहीशी होत नाही, पण संवाद आणि रोजचे व्यवहार सुधारू शकतात. त्यासाठी पालकांनी घरी रोज तसे खेळणे आवश्यक असते.

वर्षाचे मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द बोलत नसेल किंवा आलेली कौशल्ये गमावत असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतही अशी तपासणी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून किमान तीन तास शारीरिक हालचाल करावी. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या आत असावा. पालकांनी मुलाच्या हातातला मोबाइल बाजूला ठेवावा आणि रोज थोडा वेळ त्याच्यासोबत जमिनीवर बसून खेळावे.