परण्यातला ट्रंपेट

जॉन मेयॉल २२ जुलै २०२४ रोजी कॅलिफोर्नियात गेला, तेव्हा त्याच्यावर जे लिहून आलं त्यात त्याच्या गाण्यांपेक्षा दुसऱ्यांचीच नावं जास्त होती. एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, जॉन मॅकव्ही, मिक फ्लीटवूड, मिक टेलर. मेयॉल मूळचा इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्डचा, जन्म १९३३चा. साठच्या दशकात त्याने ‘ब्लूजब्रेकर्स’ नावाचा बँड चालवला आणि अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं ब्लूज संगीत विशीच्या आसपासच्या गोऱ्या पोरांकडून घोटून घेतलं. पोरगं तयार झालं की निघून जायचं. क्लॅप्टनने ‘क्रीम’ काढला, ग्रीन, मॅकव्ही आणि फ्लीटवूड ‘फ्लीटवूड मॅक’मध्ये एकत्र आले, टेलर ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये गेला. मेयॉल आपला पुढचा पोरगा शोधायला लागायचा. १९६६ साली निघालेल्या रेकॉर्डच्या नावात त्याने स्वतःच्या बँडशेजारी क्लॅप्टनचं नाव छापलं. बँड कुणाचा आणि गिटार कुणाची, हे ऐकणाऱ्याला विचारावं लागलं नाही. पुढे जग त्याला ब्रिटिश ब्लूजचा बाप म्हणू शकलं, त्यामागे या छापील नावांचा मोठा हात आहे.

आता हा मेयॉल दुसरबीडमध्ये कुणी ऐकला असेल असं नाही. सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचं हे गाव, लग्नसराईत रस्त्यावर वाहतुकीपेक्षा वाजंत्रीचा आवाज मोठा. पण परदेशी काळ्या माणसांचं संगीत एका बँडवाल्याच्या हातून दूरवर पोचलं, ही गोष्ट इथेही घडलेली आहे. मेयॉलच्या आधी पंधरा वर्षं. फक्त इथे नावं छापली गेली नाहीत.

त्या बँडवाल्याचं खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६चा. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. गोव्याच्या ख्रिस्ती गावांत चर्चच्या शाळेत मुलांना कागदावरची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत, आणि त्या एका शिक्षणावर कैक गोवेकरांनी पुढे घरं चालवली. रेजिमेंटच्या बँडात, संस्थानिकांच्या दरबारात, सिनेमागृहात, आगबोटींवर. मुंबईत १९३५ साली लिऑन अॅबी या काळ्या अमेरिकी व्हायोलिनवादकाचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे आणखी काही आले. साहेबांसाठी आणलेलं हे संगीत नीट कान देऊन ऐकलं ते गोव्याच्या पोरांनी. चिकने लुई आर्मस्ट्राँगला मनोमन गुरू केलं. ट्रंपेट तसाच, घोगरा आवाज तसाच. ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा त्याचा बँड ताजमध्ये वाजायचा आणि तिथे त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी एकदम झाल्या. साहेब गेले, संस्थानं गेली, त्यांच्याबरोबर त्यांचे बँड मोडले. आणि मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला. हॉटेलातल्या नाचगाण्याचा धंदा बसला. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या मोरारजीभाई देसाईंनी हिंदी सिनेसंगीतावर केलेला हा उपकार कुठल्याच चरित्रात येत नाही. वाजवणारे पोटासाठी दादर, ताडदेव, महालक्ष्मीच्या स्टुडिओंकडे वळले.

तिथे चिकला सी. रामचंद्र भेटले. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, सिनेमावाल्यांचे अण्णा. चाल अण्णांची. ती पेटीवर गाऊन दाखवायची, मग सहायकाने ती स्वरलिपीत उतरवायची, व्हायोलिनला काय, क्लॅरिनेटला काय, ट्रंपेट कुठे शिरणार, हे प्रत्येकाच्या कागदावर वेगळं लिहायचं. दोन कडव्यांमधला जो तुकडा आपण गाण्याइतकाच गुणगुणतो, ज्याला बँडवाले नुसतं ‘म्युझिक’ म्हणतात, तो बऱ्याचदा या कागदावर जन्मलेला असतो. चिक हा अण्णांचा असा सहायक होता.

१९५१ साली ‘अलबेला’ आला. पडद्यावर आणि दिग्दर्शनात भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, जन्म अमरावतीचा, म्हणजे आपल्या वऱ्हाडातला. ‘शोला जो भडके’मध्ये बाँगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन असा सगळा परदेशी सरंजाम आहे आणि त्यावर भगवानदादा गुडघे किंचित वाकवून, खांदे हलवत, जागच्या जागी घसरल्यासारखे नाचतात. कवायत नाही, गिरक्या नाहीत. कुणालाही जमेल असा नाच. म्हणून तर तो गणपतीच्या मिरवणुकीत आणि वरातीत शिरला आणि अजून बाहेर निघालेला नाही. याच सिनेमात ‘दीवाना परवाना’ या गाण्यात झालरीच्या बाह्यांचे चकचकीत कपडे घातलेला एक बँड दिसतो. तो चिकचा बँड. गाणं लाखोंनी पाहिलं, पण ट्रंपेटवाला कोण हे विचारल्याचं ऐकिवात नाही. रेकॉर्डच्या चकतीवर गायक, संगीतकार, सिनेमा एवढं छापायची रीत होती. वाजवणाऱ्याला त्यात जागा नव्हती.

स्वतःच्या नावाने त्याने काही सिनेमांना संगीत दिलं. १९५१च्याच ‘नादान’मधलं तलत महमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूं’ त्याचं. या हळव्या गाण्याच्या संगीतकाराचं नाव चिक चॉकलेट आहे हे सांगितलं तर आजही जुन्या गाण्यांचे दर्दी दचकतात. १९६७ साली तो गेला, पन्नाशीच्या आसपास.

स्टुडिओतल्या या संगीताचा दुसरबीडपर्यंतचा प्रवास वाद्यांच्या पत्र्याच्या पेट्यांतून झाला. गावात आधी वाजंत्री होती ती सनई, पिपाणी, डफडं, हलगीची. हे काम परंपरेने बहुतेक ठिकाणी मातंग समाजाकडे, काही गावांत मुस्लिम कुटुंबांकडे. पलटणींची पितळी वाद्यं हळूहळू तालुक्यांच्या बाजारपेठांत आली, मग खेड्यांत. ती घडवणारं मोठं ठिकाण मेरठ. तिथल्या जलीकोठी भागात नादिर अली अँड कंपनी १८८५ पासून बँडची वाद्यं करते. वाद्य मेरठचं, गणवेश पलटणीचा आणि चाल मुंबईच्या स्टुडिओतली. हे मिश्रण घेऊन बँड पार्टी आपल्याकडे परण्यापुढे, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीपुढे, चालायला लागली. नवरदेव घोड्यावर मारुतीच्या पाराकडे निघायचा आणि त्याच्यापुढे ‘अलबेला’तलंच ‘भोली सूरत दिल के खोटे’ वाजायचं. मुहूर्त टळायला जे काही कारणीभूत ठरतं, त्यात या गाण्याचा वाटा मोठा.

बँडच्या मास्तरला स्वरलिपी येत नाही. तो गाणं कानाने उचलतो. पूर्वी कॅसेट मागे-पुढे करून, आता मोबाइलवर. आधी मुखडा क्लॅरिनेटवर बसवायचा, मग ‘म्युझिक’ ट्रंपेटला द्यायचं, युफोनियमने खालून सूर धरून ठेवायचा. ट्रंपेटला तीन कळा आणि बाकी सगळा ओठांचा खेळ. उन्हात ओठ सुकला की वरचा सूर फाटतो. वैशाखात, वितळत्या डांबरावर, अंगात जाड लाल कोट घालून वरचा सूर न फाडता वाजवणारा माणूस जवळून पाहिला की ताजमधल्या वातानुकूलित जॅझविषयी थोडा कमी आदर वाटायला लागतो. स्वतः चिकला हे मान्य झालं असतं असं मला वाटतं. ज्या आर्मस्ट्राँगला त्याने गुरू मानलं तोही न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरच्या मिरवणुकांत वाजवूनच पुढे आला होता. म्हणजे मिरवणुकीतून निघालेला ट्रंपेट हॉटेल, स्टुडिओ, सिनेमा असं फिरून पुन्हा मिरवणुकीतच आला. मधल्या टप्प्यांचा पत्ता न्यू ऑर्लिन्सलाही नाही आणि आपल्यालाही नाही.

एका गोवेकराचं नाव मात्र सगळ्या देशाला पाठ आहे, तेही नकळत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे शिक्षक आणि स्टुडिओतले नामांकित वाद्यवृंद-संयोजक. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागदारीवर आधारलेल्या सिंफनीचा कार्यक्रम केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलालांनी गुरूचं नाव गाण्यात घातलं. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभच्या तोंडी. वरातीत ते गाणं वाजलं की पोरं ‘अँथनी गोन्साल्विस’ एका सुरात ओरडतात, आणि हा माणूस खरोखर होता असं सांगितलं तर हसतात. २०१२ साली ते गेले.

आता पितळी बँडला गिऱ्हाईक कमी. बेंजो पार्टी येते, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजे. बेंजो पार्टीत कीबोर्डवाला एक बटण दाबून ट्रंपेटचा आवाज काढतो, त्याला ओठ सुकायची भीती नाही. ‘झिंगाट’ त्यावर जोरात वाजतं, आणि ज्या ‘सैराट’चं ते गाणं, त्याच्या संगीतासाठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला, हे २०१६ साली वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापलं. कौतुक रास्तच होतं. त्या वाद्यवृंदातल्या ट्रंपेटवाल्याचं नाव त्या बातम्यांत शोधू नका.

ज्या पितळी पार्ट्या उरल्या आहेत त्यांच्या बेस ड्रमवर पार्टीचं नाव, प्रोप्रायटरचं नाव आणि मोबाइल नंबर लाल-पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलेला असतो. सुपारी त्या नंबरवर येते. क्लॅरिनेट आणि ट्रंपेटवाले सीझनपुरते, रोजावर घेतलेले असतात.