काळ्या मातीतला सायकस

देवास जिल्ह्यातल्या पीपलरावांपासून धारपर्यंत माळव्याची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. सायकसला नेमकं तेच मानवत नाही. मुळाशी पाणी साचलं की बुंधा कुजतो. म्हणून कुंडीत निम्मी जाड रेती किंवा विटांचे तुकडे मिसळावेत आणि माती वाळल्यावरच पाणी द्यावं.

दिसायला ताडमाडासारखा असला तरी सायकस त्यांच्या कुळातला नाही. तो बीज धरतो, पण त्याला फूल येत नाही. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. त्याच्या पोवळ्यासारख्या मुळांत राहणारे नील-हरित जिवाणू हवेतला नायट्रोजन पुरवतात, त्यामुळे खत बेतानेच लागतं.

बागांत सर्रास दिसणारा ‘सायकस रेव्होल्यूटा’ मूळचा जपानकडचा. सह्याद्रीतला ‘सायकस सर्सिनॅलिस’ मात्र संकटग्रस्त आहे. सायकसच्याच नात्यातल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या ‘एन्सेफॅलार्टोस वुडी’चं तर 1895 साली एकच नर झाड सापडलं; आजची सगळी रोपं त्याच्याच फुटव्यांची.

बिया विषारी असतात, तेव्हा मुलं आणि कुत्री जपा. दुर्मीळ सायकस हवाच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलाच घ्या, जंगलातून उपटलेला नको.