नवीन काही आहे का?

बोरिवलीहून रोज अंधेरीला जाणाऱ्याला इंडिकेटरचे महत्त्व वेगळे सांगायला नको. फलाट बदलल्याची घोषणा झाली की सारा लोंढा पुलाकडे धावतो. खरे-खोटे पाहायला वेळ कुणाला? सीप्झजवळच्या आमच्या कचेरीत माझे काम याच जातीचे आहे.

तुमचा संगणक किंवा मोबाइल अधूनमधून गुपचूप विचारतो, ‘नवीन काही आहे का?’ त्याला उत्तर देतो तो अपडेट सर्व्हर. मध्यंतरी आमचा सर्व्हर आम्ही ‘कंटेनर’मध्ये हलवला. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एका बंद पेटीत भरायचे. मग ती कोणत्याही यंत्रावर ठेवा, तशीच चालते. बंदरावरच्या पेट्यांवरूनच हे नाव पडले. या पेट्यांवर देखरेख ठेवणारी ‘कुबरनेटीस’ ही प्रणाली गूगलने २०१४ साली सर्वांसाठी खुली केली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. सर्व्हरच्या तीन प्रती ठेवायच्या; एक बंद पडली की कुबरनेटीस तिच्या जागी दुसरी उभी करते.

पहिल्याच रात्री माझी फजिती झाली. तिन्ही प्रती चालू, पडद्यावरचे दिवे हिरवे, आणि तिघींचे उत्तर एकच : ‘नवीन काही नाही.’ आवृत्त्यांची यादी पेटीला जोडायलाच मी विसरलो होतो! ‘जिवंत आहेस ना?’ एवढेच कुबरनेटीस विचारत होती. ‘खरे सांगतेस ना?’ हे विचारायची व्यवस्था मी करायला हवी होती.

खोट्या ‘नाही’वर निभावले. खोटे ‘हो’ फार महाग पडते. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेट सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरले आणि अपडेटच्या नावाखाली घातक प्रोग्राम धाडला. त्याची झळ थेट आपल्या न्हावाशेव्याला लागली. जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. १९ जुलै २०२४ ला तर कुणी शिरलेही नव्हते. क्राउडस्ट्राइकचे एक सदोष अपडेट गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

म्हणून अपडेट घ्यायचेच नाही का? तसे नव्हे. जुनी भोके त्यानेच बुजतात. फक्त ते फोनच्या सेटिंगमधून घ्यावे, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नव्हे. आम्हीही आता नवी आवृत्ती आधी मोजक्या यंत्रांना देतो, मग सर्वांना. आणि रोज सकाळी लोकलमध्ये बसायला मिळो न मिळो, मी माझ्याच सर्व्हरला एकदा विचारतो, ‘नवीन काही आहे का?’ उत्तर आले, की ते यादीशी ताडून पाहतो.