कोंडवाड्याचे अर्थशास्त्र : धाराशिव जिल्ह्यातील सोडून दिलेली जनावरे

खाजगी मालकीची वस्तू सार्वजनिक जागेत आली आणि तिला परत नेण्यास कोणीच आले नाही, तर तिचा भार कोणी वाहावा? धाराशिव (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः गुरांच्या रूपाने उपस्थित होतो. येडशी-येरमाळ्यावरून जाणारा ५२ क्रमांकाचा किंवा नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग घ्या. अशा रस्त्यावर रात्री बसलेले जनावर वाहनचालकाच्या तसेच स्वतःच्याही जिवावर बेतते.

येथे प्रथम एक भेद केला पाहिजे. मोकाट जनावर निराळे आणि सोडून दिलेले जनावर निराळे. पहिल्याचा धनी त्याला शोधीत असतो. दुसऱ्याचा धनी ते परत येऊ नये अशी इच्छा करीत असतो. आपली परंपरागत व्यवस्था पहिल्यासाठी निर्माण झाली. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याची रीत पाहा. जनावर कोंडवाड्यात घालावे. सात दिवसांत धनी न आल्यास पोलीस ठाण्यात नोटीस लावावी, नजीकच्या गावात व बाजारात दवंडी पिटावी. आणखी सात दिवस वाट पाहून लिलाव करावा. धनी आलाच, तर दंड व वैरणीचा खर्च भरून त्याने जनावर सोडवून न्यावे. ही सर्व रचना एका गृहीतावर उभी आहे. ते गृहीत असे की, जनावराची किंमत दंड आणि वैरण यांच्या बेरजेपेक्षा अधिक असते.

ते गृहीत आता पुष्कळदा खरे ठरत नाही. ट्रॅक्टरामुळे बैलाची गरज घटली. महाराष्ट्रात गोहत्येस १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती; २०१५ च्या दुरुस्तीने ती वळू आणि बैल यांनाही लागू झाली. या बंदीच्या इष्टानिष्टतेची चर्चा येथे अभिप्रेत नाही. तिचा हिशेबातील परिणाम मात्र स्पष्ट आहे : थकलेल्या बैलास आठवडी बाजारात येणारी शेवटची किंमत, जी नव्या जोडीच्या खरेदीस थोडीफार उपयोगी पडे, ती जवळजवळ नाहीशी झाली. कोंडवाड्याच्या लिलावातही कामास न येणाऱ्या बैलास गिऱ्हाईक कोठून मिळणार?

संकरित गोऱ्ह्याची अवस्था याहून बिकट. भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहे. खव्यामागे दूध असते, आणि दुधामागे दरवर्षीचे वेत. त्या वेतांत निम्मी वासरे नर निघतात. संकरित गोऱ्हा दूध देत नाही आणि वशिंड नसल्याने जुवालाही नीट लागत नाही. बैल निदान दहा वर्षे राबून निरुपयोगी होतो. हा जन्मतःच तसा ठरतो.

पाश्चात्त्य शहरांतील एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न येथे उद्बोधक आहे. १९३७ मध्ये ओक्लाहोमा शहरातील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन याने गिऱ्हाइकांसाठी चाकांची खरेदीगाडी प्रचारात आणली. पुढे अशा गाड्या गल्लोगल्ली टाकलेल्या आढळू लागल्या. गोळा करून दंड आकारणे हा एक उपाय. युरोपातील अनेक दुकानांनी दुसरा योजला : गाडी घेतानाच एक नाणे अडकवावे लागते, ते गाडी परत लावल्यावर सुटते. पहिला उपाय घटनेनंतरचा, दुसरा घटनेपूर्वीचा. गाडीला अर्थात भूक-तहान नसते, आणि ती पडून राहिली तरी तिचे हाल होत नाहीत. उपमा येथवरच चालते.

कानातील बारा अंकी बिल्ल्यामुळे धनी सापडू शकेल, हे खरे. पण सापडलेला धनी जर कोरडवाहू शेतकरी असेल, तर दंडाने त्याच्या दावणीला कडबा येत नाही. २०१५ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात शासनाला चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. गोशाळांतील देशी गायीसाठी प्रतिदिनी ५० रुपये देण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. पण त्या व्याख्येत बैल बसत नाही आणि संकरित गोऱ्हाही नाही.

घटनेपूर्वीचा उपाय गोऱ्ह्यापुरता तरी शक्य दिसतो. लिंगवर्गीकृत रेतमात्रेने दहांपैकी सुमारे नऊ वासरे मादी होतात. उरलेल्या नरांच्या पोषणासाठी संकलन केंद्रावर दर लिटरमागे अल्पशी रक्कम बाजूला ठेवता येईल, कारण दुधाचा पैसा तेथे हाती येतच असतो. बैलाच्या बाबतीत असे नाणे अडकवण्याची जागा कोणती, हे मात्र सांगणे कठीण आहे. त्याच्या श्रमाचा मोबदला पिकात मिसळून गेलेला असतो, आणि तो थकतो त्या वर्षी पीक आलेले असेलच असे नाही.