मौनात मेंदू काय करतो?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंज मोझरीला दरवर्षी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. समुदाय लाखांचा असतो, पण त्या घटकेला कोणी बोलत नाही, कोणी जागचे हलत नाही. अमरावतीकडच्या पुष्कळ वाचकांनी हे अनुभवले असेल. प्रश्न असा, की ओठ मिटले, हातपाय थांबले, तेव्हा मेंदूही थांबतो काय?

नाही. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. पण माणूस विश्रांती घेत असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू खर्च करतो. अवघड गणित सोडवायला बसलात म्हणून हा खर्च फारसा वाढत नाही. ती वाढ ५ टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यातही कारखाना चालूच असतो. त्यात काय चालते, याचा माग लागायला मात्र विसावे शतक संपत यावे लागले.

माग लागला तो रक्ताच्या चुंबकीय गुणामुळे. रक्तातील हीमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, हे तुम्ही शिकला आहात. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी दाखवले, की ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन चुंबकाकडून किंचित दूर लोटले जाते, आणि ऑक्सिजन सोडून दिलेले हीमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाते. १९९० मध्ये जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी हा फरक एमआरआय यंत्रात उपयोगात आणला. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला, की तिकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो, गरजेहून जास्तच वाढतो. त्यामुळे तेथील चुंबकीय क्षेत्रातील गडबड कमी होते व यंत्राला मिळणारा संकेत थोडा बळकट होतो. लक्षात ठेवा, हे यंत्र विचार पाहत नाही, रक्त पाहते. वर्तमानपत्रांतील रंगीत चित्रे पाहताना ही गोष्ट नेहमी विसरली जाते.

त्या काळी संशोधक यंत्रात झोपलेल्या माणसाला काहीतरी काम सांगत व कोणता भाग ‘उजळतो’ ते पाहत. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात भारत बिस्वाल हे भारतीय विद्यार्थी पीएच.डी.साठी काम करीत होते. त्यांनी आधी बोटांची हालचाल करवून हाताचा ताबा असलेले भाग शोधले, आणि मग त्या माणसांना काहीही न करता नुसते पडून राहावयास सांगितले. संकेत तरीही हलकेच वरखाली होत होता. त्याचा वेग अगदी संथ, १० सेकंदांत एका हेलकाव्याहूनही कमी. नवल याचे, की डाव्या बाजूचा भाग वर गेला की उजव्या बाजूचा तसाच भागही वर जाई, आणि दोघे खालीही बरोबरच येत. हा निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. हे हृदयाच्या ठोक्यांचे व श्वासाचे पडसाद असावेत, अशी शंका पुष्कळांना होती. आज त्याच संथ हेलकाव्यांवर मेंदूच्या जोडणीचे सारे शास्त्र उभे आहे.

जोडणी म्हणजे काय, ते आपल्याकडच्या उदाहरणाने पाहू. समजा, वीज कंपनीचा नकाशा तुमच्याजवळ नाही. रात्री टेकडीवर बसून तुम्ही आसपासच्या वस्त्यांचे दिवे न्याहाळत आहात. संत्र्याच्या बागांतील मोटारपंप सुरू झाले की काही दिवे मंद होतात, बंद झाले की उजळतात. ज्या दोन वस्त्यांचे दिवे नेमके एकाच वेळी मंद व तेजस्वी होतात, त्या एकाच फीडरवर असाव्यात, हे तुम्ही तार न पाहताही ओळखाल. मेंदूबाबत हेच केले जाते. पण उदाहरणातला धोकाही ध्यानात घ्या. दोन्ही वस्त्यांचे दिवे बरोबर मंद झाले म्हणून त्यांच्यात थेट तार आहे, असे ठरत नाही. कारण वरच्या उपकेंद्रातही असू शकते.

आता अवधानाकडे येऊ. ‘याचे लक्ष लागत नाही’ हे वाक्य प्रत्येक शाळेत रोज ऐकू येते. अमेरिकेतील येल विद्यापीठात मोनिका रोझेनबर्ग, मार्व्हिन चुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ जणांना यंत्रात एक कंटाळवाणे काम दिले. चित्रे एकामागून एक विरघळत येत. शहराचे चित्र आले तर कळ दाबायची, डोंगराचे आले तर दाबायची नाही. शंभरात नव्वद चित्रे शहराची, त्यामुळे बोट आपोआप चालू लागते आणि डोंगर आला तरी थांबत नाही. मेंदूचे २६८ भाग धरले, तर दोन-दोन भागांच्या ३५,७७८ जोड्या होतात (हे गणित तुम्हीच करून पाहा). यांपैकी कोणत्या जोड्या चांगल्या अवधानाबरोबर बळकट असतात व कोणत्या वाईट अवधानाबरोबर, ते २४ जणांवरून ठरवायचे आणि त्यावरून पंचविसाव्याचे गुण सांगायचे. असे प्रत्येकाबाबत केले. उत्तर आधी न पाहता पेपर सोडवण्यासारखेच हे आहे. भाकिते बऱ्यापैकी जुळली. पुढे हाच ठोकताळा बीजिंगमधील ८ ते १६ वर्षांच्या ११३ मुलांना लावला. ही मुले यंत्रात नुसती पडून होती. तरीही कोणात अवधान-विकाराची लक्षणे किती तीव्र, याचा काहीसा अंदाज आला. हे काम २०१६ चे.

मग स्वभावही असाच वाचता येईल काय? आशा वाटण्यास कारण होते. जोडणीच्या नकाशावरून १२६ जणांतून नेमका माणूस ओळखता येतो, हे २०१५ मध्ये येलमध्येच दिसले होते. परंतु २०१८ मध्ये राल्फ ॲडॉल्फ्स व सहकाऱ्यांनी ८८४ जणांची माहिती तपासली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ मानतात त्या स्वभावाच्या पाच पैलूंपैकी फक्त एकाचे, नव्या अनुभवांविषयीच्या खुलेपणाचे, भाकीत विश्वासाने करता आले. तेथेही सहसंबंध गुणांक होता ०.२४. त्याचा वर्ग करा: ०.०६ सुद्धा भरत नाही. माणसामाणसांतील फरकाचा इतकाच उलगडा! २०२२ मध्ये सुमारे ५०,००० जणांची माहिती एकत्र तपासून स्कॉट मारेक व इतरांनी दाखवले, की असे संबंध खात्रीने सिद्ध करायला हजारो माणसे लागतात. आणखी एक अडचण आहे, आणि भौतिकीच्या शिक्षकाला ती अधिक टोचते. यंत्रात डोके मिलिमीटरपेक्षा कमी हलले, तरी खोट्या जोड्या दिसू लागतात. चुळबुळे मूल हलणारच. तेव्हा मोजले ते अवधान की चुळबूळ, हे पारखून घ्यावे लागते.

इतक्या महागड्या यंत्राची ही स्थिती. असे असता, बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी, स्वभाव व योग्य अभ्यासशाखा सांगणारे लोक शाळांतून हिंडतात व पालकांकडून पैसे घेतात. या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. शिक्षकांनी त्यांना शाळेच्या फाटकाबाहेरच थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अवधान हा कपाळावरचा शिक्काही नव्हे. रोझेनबर्ग व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले, की अवधानाशी निगडित जोड्या एकाच माणसात मिनिटामिनिटाला, दिवसादिवसाला बदलतात, आणि त्याचे लक्षही त्यांच्याबरोबर वरखाली होते.

याची चुणूक यंत्राविना घेता येते. मित्राला समोर बसवा. दर सेकंदाला एक याप्रमाणे १ ते ९ मधील अंक कसेही मिसळून २०० वेळा वाचा. प्रत्येक अंकाला त्याने बाकावर टिचकी मारावी, फक्त ३ ला मारू नये. चुका मोजा. हाच प्रयोग सकाळी, जेवणानंतर व रात्री, असा आठवडाभर करा आणि आलेख काढा. मध्ये एखादे वेळी वीस-पंचवीस अंक ३ न येऊ देता वाचा, आणि मग अचानक ३ म्हणा.